अलास्काच्या वाटेवर कॅनडा: मॅगझिनमध्ये ठोकळा बसवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. ह्यूस्टनहून अँकरेजला बदली झाली आहे. ऑगस्टमध्ये वहिनी आणि मुलांना घेऊन गाडीनेच जायचं, म्हणजे मधे कॅनडा आला. घरात चार रायफली: दहा काडतुसांची जुनी एसकेएस; रुगर १०/२२ आणि तिची पंचवीस काडतुसांची दोन मॅगझिनं (काडतुसं भरायच्या डब्या); .३०८ ची बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल, दहाच्या मॅगझिनसह. आणि एआर-१५, सोबत तिसाची चार पॉलिमर मॅगझिनं. कॅनडात मॅगझिनला पाच काडतुसांची मर्यादा आहे असं कुणीतरी सांगितलं. म्हणून सगळ्या मॅगझिनांत लाकडी ठोकळे बसवायचे आणि अलास्कात पोचलं की काढून टाकायचे, असा बेत आहे. ठोकळा किती उंचीचा करू, असं विचारलंत.

उंची नंतर बघू. जो ठोकळा काढता येतो तो कायद्याच्या लेखी ठोकळाच नाही. सगळा घोळ इथे होतो. आपला प्रवास आठ-दहा दिवसांचा, आणि कायदा मागतो कायमचा बदल. या दोन्हींचा मेळ घालायचा तर मूळ मॅगझिनला हात लावू नये. एक तर ते दुसऱ्या वाटेने पाठवावं, नाहीतर सुटा भाग विकत घेऊन बदल त्यात करावा. तुमच्या यादीतल्या सगळ्या वस्तूंपैकी ड्रिल आणि वेल्डिंग लागणार आहे फक्त एकीला.

मी मॉन्टानात ग्रेट फॉल्सला असतो, इथून सरहद्द सुमारे १२० मैल. बंदूकदुरुस्तीचा परवाना इथला, पण हात तयार झाला इचलकरंजीच्या एका टूलरूममध्ये, कानस मारता मारता. दर उन्हाळ्यात अलास्काला निघालेली दोन-चार कुटुंबं माझ्याकडे थांबतात, आणि त्यातलं निदान एक तरी ठोकळा घेऊन येतं. हसत नाही मी कुणाला. मी स्वतः ठोकळा घेऊन गेलो होतो.

गोष्ट जुनी आहे. मॅगझिन पॉलिमरचं होतं, आत सागवानी तुकडा बसवलेला, झकास मापात. पाच बसायची, सहावं काही केल्या जात नव्हतं. एका नाक्यावर अधिकाऱ्याने मॅगझिन हातात घेतलं, उलटं केलं, पेनाच्या टोकाने बूड सरकवलं. स्प्रिंग उडाली आणि माझा सागवानी तुकडा टेबलावरून गडगडत खाली गेला. मी वाकून उचलला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मी सगळं आधीच जाहीर केलेलं होतं म्हणून निभावलं. मॅगझिन जप्त झालं आणि मी रायफल घेऊन उलट पावली परतलो. लपवलेलं सापडलं असतं तर गाडीही गेली असती.

आता कॅनडाचा नियम नीट. सेमी-ऑटो (गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप घेणाऱ्या) सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध टोला बसणाऱ्या) रायफलीसाठी बनवलेल्या मॅगझिनला मर्यादा पाच. पिस्तुलासाठी बनवलेल्याला दहा. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीच्या मॅगझिनला मर्यादा नाही आणि रिमफायर (बुडाच्या कडेला टोला बसणाऱ्या) रायफलीच्या मॅगझिनलाही सर्वसाधारणपणे नाही. यात ‘साठी बनवलेलं’ हे शब्द सोडू नका. मॅगझिन आज कोणत्या रायफलीत बसलंय हे बघितलं जात नाही, ते मुळात कशासाठी घडवलं हे बघितलं जातं. रुगरची एक बोल्ट-ॲक्शन एआरची मॅगझिनं घेते. रायफल बोल्ट-ॲक्शन म्हणून लोक निर्धास्त असतात, पण मॅगझिन एआरचं, म्हणजे सेमी-ऑटोचं, म्हणजे पाच. मर्यादेपेक्षा मोठं मॅगझिन हे तिथे ‘प्रतिबंधित उपकरण’ असतं. रिकामं असो, ट्रंकेत तळाला असो, सोबत रायफल नसो, फरक पडत नाही.

मोठं मॅगझिन लहान करायला तिथे मनाई नाही, पण कसं करायचं तेही नियमातच लिहिलंय. हा भाग मला आवडतो, कारण कारागिराला समजेल अशा भाषेत तो आहे. धातूचं कवच असेल तर कवचालाच दाबून खोक पाडायची. किंवा कवच पोलादी वा ॲल्युमिनियमचं असेल तर त्याच जातीच्या धातूचा दट्ट्या, पिन, नळी किंवा पट्टी आतल्या भिंतीला वेल्डिंग, ब्रेझिंग किंवा तशाच पद्धतीने जोडायची. कवच प्लॅस्टिकचं असेल तर पोलादाचा किंवा कवचाशी मिळत्याजुळत्या पदार्थाचा अडथळा आतल्या भिंतीला इपॉक्सीसारख्या कायमच्या चिकट पदार्थाने बसवायचा. बघा, अडथळा घालायचा तर दोन्ही वाक्यांत तो ‘भिंतीला जोडायचा’ आहे. बुडावर नुसता उभा ठेवलेला तुकडा, मग तो सागवानी असो की पोलादी, यात कुठेच बसत नाही. शिवाय २०२३ च्या डिसेंबरात संमत झालेल्या सी-२१ कायद्याने मॅगझिनची क्षमता वाढवणं हा वेगळा गुन्हा केलाय. तेव्हा व्हाइटहॉर्सच्या मोटेलात बसून ‘आता काय, सरहद्द उद्यावर आली’ म्हणत पिन काढायला घेणं म्हणजे आ बैल मुझे मार.

आता एकेक रायफल घेऊ.

एआर-१५ कॅनडातून जाऊच शकत नाही. १ मे २०२० पासून ती तिथे प्रतिबंधित आहे, पाचाचं मॅगझिन लावलं तरी. म्हणून तिच्या मॅगझिनांना भोकं पाडायचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मॅगझिन म्हणजे बंदूक नव्हे. चारही रिकामी मॅगझिनं साध्या टपाल-पार्सलाने अँकरेजच्या पत्त्यावर पाठवा. टेक्सासात मर्यादा नाही, अलास्कात नाही. पार्सल बंद करण्याआधी प्रत्येक मॅगझिनमध्ये बोट घालून बघा, कारण काडतुसं टपालाने जात नाहीत आणि तळाशी एखादं अडकून राहायची त्यांना खोड असते. रायफल परवानाधारक दुकानदारामार्फत पाठवा किंवा नंतर कुणी विमानाने जाणार असेल तर रिकामी करून, कडक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानात.

विमानाने नेणार असाल तर एक सांगून ठेवतो. ह्यूस्टनहून अँकरेजला जाताना बहुधा सिॲटलला विमान बदलायचं असतं. पेटी थेट अँकरेजपर्यंत टॅग करून घ्या. मधलं विमान चुकलं आणि कंपनीने पेटी हातात देऊ केली, तर ती घेऊन हॉटेलात जाऊ नका. २००५ मध्ये यूटाच्या एका गृहस्थांचं न्यू जर्सीतल्या नुअर्कला असंच पुढचं विमान चुकलं. बॅग घेऊन ते रात्री हॉटेलात राहिले, सकाळी नियमाप्रमाणे काउंटरवर आपणहून पिस्तूल जाहीर केलं आणि बेड्या पडल्या, काही दिवस कोठडी. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात प्रवाशाला संरक्षण आहे, निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी हत्यार कायदेशीर असेल तर मधल्या राज्यांतून नेता येतं. पण ते हाताशी नको, ही अट आहे. रात्रभर बॅग हाताशी होती, म्हणून २०१० मध्ये अपील कोर्टाने त्या गृहस्थांची बाजू उचलून धरली नाही. वॉशिंग्टन राज्यात एआर बाहेरून आणायला २०२३ पासून बंदी आहे आणि दहापेक्षा मोठं मॅगझिन आणायला २०२२ पासून. सिॲटलच्या हॉटेलात ही पेटी उशाशी घेऊन झोप लागायची नाही.

रुगर १०/२२ रिमफायर आहे, ती नेता येईल. पंचविसाची मॅगझिनं मात्र नाही, आणि इथे भलेभले फसतात. रिमफायरला मर्यादा नाही हे खरं, पण रुगरने तेच मॅगझिन घेणारं चार्जर नावाचं पिस्तूल काढलं. झालं, मॅगझिन ‘पिस्तुलासाठीही बनवलेलं’ ठरलं आणि आरसीएमपीच्या, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांच्या, मते त्याला दहाची मर्यादा लागू झाली. रायफलीबरोबर मूळ जे दहाचं गोल मॅगझिन येतं ते घ्या, त्याला कुणी बोट लावणार नाही. पंचविसाची दोन्ही वरच्याच पार्सलात घाला.

.३०८ ची बोल्ट-ॲक्शन जशी आहे तशी न्या. तुम्ही लिहिलेलं दहाचं मॅगझिन बोल्ट-ॲक्शनसाठीच्या घडणीचं आहे. काहीही करायची गरज नाही. वाटेत अस्वलाची भीती वाटते म्हणता, त्यालाही हीच बरी.

राहिली एसकेएस. हिचं दहाचं मॅगझिन रायफलीच्या पोटातच बसवलेलं असतं, वरून क्लिपने भरायचं. रायफल सेमी-ऑटो सेंटरफायर, म्हणजे पाच. कॅनडातल्या दुकानांत मिळणाऱ्या एसकेएसच्या मॅगझिनला बाजूने रिव्हेट मारलेली दिसते ती यासाठीच. तिथली बंदीची यादी मे २०२० नंतर डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा वाढली. या तिन्ही वेळा एसकेएस बाहेर राहिली, पण तिच्यावर चर्चा चालू आहे. तेव्हा निघायच्या आठवड्यात आरसीएमपीच्या फोनवर मॉडेल सांगून पुन्हा विचारा, आणि विचारलंत कधी, उत्तर काय मिळालं, ते वहीत लिहून ठेवा.

एसकेएसचं मूळ मॅगझिन खराब करू नका. ते पेटीसकट निघतं, आणि तसली सुटी पेटी जुन्या लष्करी सामानात मिळते. सुटी पेटी घ्या, पिन तिच्यात मारू, आणि मूळ पेटी अँकरेजला टपालाने. पुढे कधी पुन्हा कॅनडातून यायचं झालं तर पिनवाली पेटी तयारच.

पिन मारायचं काम दिसतं सोपं. बाकावर खरं काडतूस एकही नसावं. ७.६२×३९ ची नकली काडतुसं पाच-सहा लागतात. सुटी पेटी रायफलीत बसवून पाच नकली भरायची, अंगठ्याने तळापर्यंत दाबायची, आणि फॉलोअर (स्प्रिंगवरची, काडतुसं वर ढकलणारी पट्टी) किती खाली गेला त्याची खूण पेटीच्या बाहेरून करायची. हे काडतूस बुडाशी ११.३५ मिमी, पण दोन रांगांत एकाआड एक बसत असल्याने प्रत्येक नग उंचीत तेवढी जागा खात नाही, त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त खातो. म्हणून पाचव्या आणि सहाव्यात फरक अगदी थोडा असतो, आणि व्हर्निअर न लावता नजरेने केलेलं काम इथे उघडं पडतं. खूप खाली पिन मारली तर जोर दिल्यावर सहावं जातं. खूप वर मारली तर पाच भरल्यावर बोल्ट वरून बंद होत नाही, आणि मग लोक चारच भरून समाधान मानतात. मी पाच पूर्ण दाबल्यावर फॉलोअरच्या खाली अर्ध्या नगापेक्षा कमी फट ठेवतो.

मग पेटी काढायची, स्प्रिंग आणि फॉलोअर उतरवून दूर ठेवायचे. ताव लागला तर स्प्रिंग मेलीच समजा. दोन्ही भिंतींतून ३.२ मिमीचं आरपार भोक, त्यात पोलादी पिन. टाका घालण्याआधी एकदा सगळं कोरडं जुळवून बघायचं, कारण पिन पक्की झाल्यावर फॉलोअर आत परत जातच नाही असं कळलं तर पेटी भंगारात जाते. (माझ्या माळ्यावर अशी एक पेटी आहे, त्यात आता खिळे ठेवतो.) जुळलं की दोन्ही टोकांना टिग वेल्डिंगचा लहानसा टाका, ओल्या फडक्याने थंड करत, आणि वर आलेलं कानशीने साफ. टाका इतका घासू नका की दिसेनासा होईल. अधिकाऱ्याला तो दिसला तर तुमचं काम सोपं होतं.

जुळवणी झाली की तपास. पाच जायला हवीत, सहावं अंगठ्याचा सगळा जोर लावूनही जाता कामा नये. बोल्ट हाताने ओढून पाचही नकली एकामागून एक वर यायला हवीत. शेवटचं गेल्यावर एसकेएसचा बोल्ट मागे अडकून राहतो, तो फॉलोअर पूर्ण वर आल्यामुळे. अडकला नाही तर फॉलोअर कुठेतरी घासतोय, पुन्हा उघडा.

प्लॅस्टिकचं मॅगझिन करायची वेळ तुमच्यावर येणार नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणावर आली तर एवढंच: त्या पॉलिमरला इपॉक्सी सहजी धरत नाही. आतून जाडाभरडा सँडपेपर मारून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, अडथळ्याला बारीक भोकं पाडून मग चिकटवा, म्हणजे इपॉक्सी भोकांतून शिरून घट्ट बसेल. आणि बाजारात पाचाचं तयार मॅगझिन मिळत असेल तर हा उद्योग करूच नका. दोन संध्याकाळी आणि इपॉक्सीच्या नळीपेक्षा ते स्वस्त पडतं.

अमेरिकेच्या आतलंही थोडं सांगायला हवं, कारण तुम्हाला वाटतं प्रश्न फक्त कॅनडाचा आहे. १९९४ ते २००४ देशभर दहाची मर्यादा होती, ती संपली आणि मग प्रत्येक राज्याने आपापलं मडकं वेगळं मांडलं. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेटिकट इथे दहा. न्यू जर्सीत पंधरा होती, २०१८ पासून दहा. तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या मंडळींनी दिवाळीला एडिसनला नातेवाइकांकडे जाताना गाडीची डिकी एकदा तपासावी. इलिनॉय आणि व्हरमाँटमध्ये रायफलीला दहा, पिस्तुलाला पंधरा. डेलावेअरला सतरा. कोलोरॅडोत १ जुलै २०१३ पासून पंधरा, आणि ह्यूस्टनहून मॉन्टानाला नकाशा बहुधा तुम्हाला डेन्व्हरवरूनच नेणार. वर सांगितलेल्या १९८६ च्या कायद्यात ‘बंदूक’ आणि ‘काडतुसं’ असे शब्द आहेत, ‘मॅगझिन’ हा शब्द नाही. त्या गाळलेल्या शब्दावर वकिलांची घरं चालतात, तुम्ही त्यात पडू नका. मोठी मॅगझिनं टपालाने पुढे गेली की गाडीत दहाच्या वर काही उरत नाही, मग डेन्व्हरवरून जा नाहीतर ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्कावरून. आणि ठोकळ्याबद्दल या राज्यांचा सूरही कॅनडासारखाच आहे: ‘कायमस्वरूपी बदललेलं’ हवं, किंवा ‘सहज पूर्ववत करता येणारं’ नको. शब्द बदलतात, सागवानी तुकडा दोन्हीकडे नापास.

तुम्ही नागरिक आहात म्हणून हा मुद्दा तुम्हाला नाही, पण आपली बरीच मुलं एच-१बी वर असतात आणि मित्राची रायफल हौसेने हाताळतात. त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्यात मनाई आहे. नेहमीची वाट म्हणजे चालू शिकारीचा परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना वापरू नका. कप्प्यात राहिलेल्या एका काडतुसावरून मुंबई विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदला जातो.

नाक्यावरचं काम त्या मानाने सरळ आहे. निघण्याआधी ह्यूस्टनच्या कस्टम्स कार्यालयात जाऊन ४४५७ क्रमांकाच्या फॉर्मवर रायफलींचे नंबर नोंदवून शिक्का घ्या. तो नसेल तर अलास्कात शिरताना ‘ही बाहेरून आणली का’ हा प्रश्न उगीच उभा राहतो. कॅनडासाठी ५५८९ क्रमांकाचा परदेशी प्रवाशाचा बंदूक-जाहीरनामा आहे. घरी भरून ठेवा, पण सही करू नका. ती अधिकाऱ्यासमोर करायची असते, आणि आधी केली तर नवा कागद भरायला लावतात. फी २५ कॅनेडियन डॉलर, रायफली कितीही असोत, मुदत ६० दिवस. पिस्तूल घरात असेल तर ते कॅनडामार्गे न्यायचा विचारही करू नका. रायफली रिकाम्या, ट्रंकेत कुलपात. जेवायला थांबलात तरी गाडीत नजरेला पडेल असं काही नको, आणि डॉसन क्रीकपासून पुढे अलास्का हायवेवर तुम्ही बरेच वेळा थांबणार आहात.

खिडकीशी अधिकारी विचारील, बंदुका आहेत का. ‘हो, तीन रायफली, फॉर्म भरलाय, एकीचं मॅगझिन पाचावर पक्कं केलंय’ एवढं बोला. वहिनींना आणि मुलांनाही आधी सांगून ठेवा काय आहे ते. मागच्या सीटवरून ‘बाबा, ती काळी रायफल पण आणलीय ना?’ असं आलं की पुढचे दोन तास गाडी रिकामी करण्यात जातात. काळी रायफल टेक्सासात राहिली असली तरी.

सुटी पेटी मिळाली की तेवढीच माझ्याकडे पाठवा, ती बंदूक नव्हे, साध्या पार्सलाने येते. तुमच्या रायफलीत पाच नकली भरून फॉलोअरची खूण मात्र तुम्हीच करून पाठवा, कारण दोन एसकेएस कधी सारख्या नसतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली तर बरं, ऑगस्टात मी स्वतः शिकारीच्या तयारीत असतो.